नाव विसरलेली नायिका आणि मॅग्नेशियमचं बूच

किशोरांसाठीच्या थरारकथेत हा प्रसंग हमखास असतो. सतरा वर्षांची मुलगी अनोळखी खोलीत जागी होते, मनगटांवर दोरीचे वळ, आणि स्वतःचं नावच आठवत नाही. शेवटच्या प्रकरणात डोक्यावर दुसरा फटका बसतो आणि सगळं लख्ख आठवतं. अशा कथा मी आवडीने वाचतो, पण इथे दरवेळी अडखळतो.

कारण मार लागल्यावर सहसा जातो तो फटक्याच्या आगेमागचा काळ. नाव आणि बालपण टिकतं. हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतल्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला. २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नव्या घटना जवळजवळ लक्षात राहिल्याच नाहीत. नाव मात्र पक्कं ठाऊक. नाव हरपणारा मानसिक विस्मृतीचा प्रकार आहे, पण दुर्मीळ.

मग अपहरणकर्त्याने औषध दिलं तर? इथे माझा लाडका रेणू येतो. दोन चेतापेशींच्या सांध्यावर एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारं प्रथिन, असतो. त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला. अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडलं, ते रिसेप्टरला चिकटलं, तरी वाट बंदच! पलीकडची पेशी त्याच वेळी उत्तेजित असेल, म्हणजे तिच्या आतला ऋणभार घटला असेल, तरच धनभारित मॅग्नेशियमवरची ओढ सैल होते आणि बूच निघतं. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या की कॅल्शियम आत घुसतं, एन्झाइम जागी होतात, पृष्ठभागावर ग्लुटामेटलाच दाद देणाऱ्या एएमपीए रिसेप्टरांची भर पडते आणि सांधा बळकट होतो. ‘हे आणि ते एकत्र घडलं’ याची नोंद एका छिद्राने ठेवली!

शस्त्रक्रियेआधी देतात ते मिडाझोलाम ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम वाढवतं. पेशीत क्लोराइड शिरतं, ऋणभार घटणं अवघड होतं, बूच निघायला तयार नसतं. माणूस बोलतो, उत्तरं देतो, नंतर त्याला काही आठवत नाही. पण हे औषध घेतल्यानंतरचं. कालचा दिवस शाबूत राहतो.

म्हणूनच संमोहनाने ‘दडलेली’ आठवण वर काढणं हा कथेतला दुसरा घोळ. वहीत लिहिलंच नाही ते वाचणार कुठून? उलट खोदून विचारलं की मेंदू मोकळी जागा कल्पनेने भरतो. मागचे जन्म ‘आठवतात’ तेही याच कारखान्यातून.

लेखकांना खरा मसाला हवा असेल तर स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये लिहिलेला प्रसंग घ्या. काही मिनिटांपूर्वीचंही विसरणाऱ्या एका बाईशी त्यांनी बोटांत टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. तिला ते टोचणं आठवेना. पण त्यांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला झटकन मागे घेतला.