शीतकालीन नौकानिवास

शीतकालीन नौकानिवास : शिडाची यॉट गोठणबिंदूच्या आसपासच्या किंवा त्याखालील हवेत सलग राहण्याजोगी करणे आणि अशा नौकेवर हिवाळा काढणे. उष्णतारोधन, तापन, वायुवीजन, पाणी व वीज यांची त्यासाठी करावी लागणारी फेररचना या संज्ञेत येते. याचे दोन प्रकार मानतात : बर्फात अडकून राहिलेल्या नौकेवरील हिमबंद वास्तव्य आणि बंदरात धक्क्याला बांधलेल्या नौकेवरील वास्तव्य. दुसरा प्रकार कितीतरी अधिक रूढ आहे. लिखित साधने मात्र मुख्यतः पहिल्याविषयीच आढळतात.

इतिहास : या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. जहाजावर हिवाळा काढण्याच्या विचारपूर्वक तयारीची चांगली नोंद ब्रिटिश आर्क्टिक संशोधक विल्यम एडवर्ड पॅरी यांच्या १८१९–२० मधील मोहिमेत मिळते. मेल्व्हिल बेटावर हेक्ला व ग्रायपर या जहाजांच्या डेकवर त्यांनी जाड कापडाचे छत उभारले होते. तरीही खलाशांच्या श्वासातील व स्वयंपाकातील वाफ बिछान्यांभोवती गोठत असे. जॉन रॉस यांनी १८२९–३३ च्या मोहिमेत व्हिक्टरी जहाजाच्या डेकला भोके पाडून त्यांवर लोखंडी टाक्या उपड्या घातल्या. वर जाणारी वाफ टाकीत गोठे आणि बर्फ खरवडून बाहेर टाकला जाई. ओल भिंतीवर जमण्याआधीच तिला ठरवून दिलेल्या थंड जागी जमवण्याची ही युक्ती या विषयाच्या इतिहासात मिळते त्याहून अधिक मानाची धनी आहे.

यॉट या अर्थाने पहिली नौका कोणती, हा वाद निराळा आहे. काही अभ्यासक फॉक्स या वाफेच्या यंत्राची जोड असलेल्या शिडाच्या यॉटचे नाव घेतात. ही मूळची खाजगी सहलनौका लेडी जेन फ्रँक्लिन यांनी आपले पती जॉन फ्रँक्लिन यांच्या आर्क्टिकमध्ये बेपत्ता झालेल्या मोहिमेच्या शोधासाठी विकत घेऊन फ्रान्सिस लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांच्या हाती सोपवली. १८५७–५९ मध्ये तिने दोन हिवाळे काढले : पहिला बॅफिन उपसागराच्या तरंगत्या बर्फात, दुसरा बेलो सामुद्रधुनीजवळ. निघण्यापूर्वी तिच्यातील मखमली पडदे व शोभेचे सामान काढून टाकले, कवच (नौकेचे बाह्यांग) मजबूत केले, छतावरील मोठ्या काचेच्या खिडक्या आणि प्रशस्त जिने लहान केले. तांत्रिक दृष्ट्या यॉटचे शीतकालीन रूपांतर म्हणावे असे सर्व काही येथे आहे. आक्षेप असा, की ती शोधमोहीम होती, निवास नव्हे. बेंजामिन ली स्मिथ यांची एइरा ही यॉट १८८१ मध्ये फ्रान्झ जोसेफ लँडजवळ बुडाली आणि त्यांच्या माणसांनी हिवाळा किनाऱ्यावर काढला. त्यामुळे तिचा दावा टिकत नाही. खाजगी यॉटवर दोघांनीच घर म्हणून हिवाळा काढण्याचे आद्य उदाहरण म्हणून बहुधा जेरोम व सॅली पॉन्से यांच्या दामियें-२ या पोलादी नौकेचे नाव घेतले जाते. त्यांनी १९७८ चा दक्षिणी हिवाळा अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या एव्हियन बेटापाशी काढला. रूपांतराचा इतिहास फॉक्सपासून आणि निवासाचा दामियें-२ पासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचनेच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी ठरलेले फ्रॅम हे नॉर्वेजियन ध्रुवीय संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांचे जहाज यॉट नव्हते. कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या या जहाजाचे जलावतरण १८९२ मध्ये झाले. राहण्याच्या दालनांच्या भिंतींत डांबरी नमदा, बूच, लाकडी फळ्या, पुन्हा जाड नमदा, हवाबंद लिनोलियम आणि सर्वांत आत फळ्या असे थर होते. छतावरील खिडकीला एकाआड एक तीन काचा होत्या. शेगडी पेटवली की भिंतींवर ओलीचा मागमूस राहत नसे, असे नान्सेन यांनी नोंदवले आहे. बाष्प अडवणारा लिनोलियमचा थर उबदार बाजूकडे घातला होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढील विवेचन त्याच मुद्द्यावर उभे आहे.

बाष्प व रोधन : हिवाळी नौकेचा खरा शत्रू थंडी नसून ओल आहे. २०° से. तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरला सु. १७ ग्रॅम बाष्प धरते, ०° से.ची जेमतेम ५ ग्रॅम. खोलीत २०° से. व ६०% सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू सु. १२° से. येतो, त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठावर पाणी सुटते. एक प्रौढ माणूस श्वास व त्वचेवाटे दिवसाला सु. पाऊण ते एक लिटर पाणी हवेत सोडतो. एक किलोग्रॅम प्रोपेन जाळल्यास सु. १.६ किग्रॅ. पाणी तयार होते. म्हणून धुरांडे नसलेली गॅसची शेगडी ऊब देते तशीच ओलही देते, आणि कोंडलेल्या जागेत जीवही घेऊ शकते.

कवचाच्या द्रव्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पोलाद व ॲल्युमिनियम उष्णतेला थोपवतच नाहीत, फायबर ग्लास थोडेसे थोपवते, जाड लाकूड त्याहून बरे. धातूच्या नौकांत पॉलियुरेथेन फेस फवारण्याची पद्धत आहे. तो पृष्ठाला चिकटून बसतो आणि मागे हवेची पोकळी उरत नाही. मात्र नंतर वितळजोड (वेल्डिंग) करताना पेटला तर त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. फायबर ग्लासच्या नौकांत बंद कोशिकांच्या लवचिक रबरी फेसाचे तक्ते डिंकाने चिकटवतात.

बाष्परोधक थराविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार अस्तर व कवच यांच्यात हवा खेळती ठेवावी, म्हणजे साचलेली ओल वाळेल. दुसऱ्यानुसार खोलीतील हवा थंड पृष्ठापर्यंत पोचूच देऊ नये. खेळती हवा खोलीतूनच येत असल्याने पहिल्या पद्धतीत अस्तरामागे न दिसणारे दव पडत राहते. फ्रॅमचा दाखलाही दुसऱ्या मताला बळ देतो. रोधन जलरेषेपर्यंतच आणावे, असा संकेत आहे. सागरी पाणी सु. –१.८° से. ला गोठत असल्याने पाण्याखालील कवच त्याहून फारसे थंड होत नाही, आणि तळ उघडा राहिल्यास पाणी वाहून जाते व तपासणी करता येते. खिडक्यांच्या धातूच्या चौकटी, बोल्ट आणि बरगड्या हे शीतसेतू (बाहेरची थंडी आत पोचवणारे धातूचे भाग) रोधनातून सुटले, तर उरलेली सर्व ओल नेमकी तेथेच जमते. गादीखाली फळ्यांची जाळी किंवा विणलेली प्लॅस्टिकची चटई घालून हवेला वाट ठेवतात.

वायुवीजन : रोधन कितीही चांगले असले, तरी ओली हवा बाहेर जाणे अटळ आहे. पाणी अडवून हवा आत घेणारी पेटी १९३० मध्ये पाण्यात उतरलेल्या डोरेड या यॉटच्या नावाने ओळखली जाते. शीतकयुक्त आर्द्रताशोषक यंत्रांच्या नळ्यांवर थंडीत हिम साचते, सु. १०° से.खाली शोषक द्रव्याची यंत्रे अधिक उपयोगी पडतात.

तापन व वीज : गरम हवा फेकणारे डिझेल तापक लवकर ऊब देतात, परंतु ते विजेवर चालतात, आणि सतत मंद ठेवल्यास त्यांत काजळी धरते. थेंबथेंब इंधन उतरणाऱ्या शेगड्यांना वीज लागत नाही, उंच धुरांडे लागते. दोन्ही प्रकारांत कार्बन मोनॉक्साइडचा सूचक अनिवार्य मानावा. नौकांसाठीच्या सूचकांचे युरोपीय मानक ईएन ५०२९१-२ हे आहे. उन्हाळी डिझेलमधील मेण थंडीत सुटून गाळणी तुंबते. शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता –२०° से. ला सु. निम्म्यावर येते, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ०° से.खाली चार्ज करू नये, कारण ऋणाग्रावर धातुरूप लिथियम जमून ती कायमची बिघडते.

पाणी व बर्फ : गोठताना पाणी सु. ९ टक्के फुगते. नळ्या, पंप व एंजिनाचे शीतन-मार्ग त्यामुळे फुटतात. नौकेभोवती बर्फ धरू नये म्हणून तळातून हवेचे बुडबुडे किंवा पाण्याचा झोत सोडतात. गोड्या पाण्याची घनता ४° से. ला सर्वाधिक असते. म्हणून तळाशी ऊबदार पाणी उरते आणि ते वर आणता येते. लवणता दर हजारी सु. २४.७ च्या वर गेली, की पाणी गोठेपर्यंत जड होत जाते, तळाशी ऊबदार साठा राहीलच असे नाही, आणि हा उपाय भरवशाचा उरत नाही. डेकवरचा हलका बर्फ उत्तम रोधक आहे. डोलकाठी व दोरांवरचा बर्फ मात्र झोडून पाडावाच लागतो, कारण तो गुरुत्वमध्य वर नेतो. धक्का व नौका यांमधील निसरड्या पावलागणिक पाण्यात पडण्याचा धोका असतो. थंड पाण्यात पडलेल्याचा पहिला मिनिट श्वास सावरण्यात जातो आणि हातापायांत उपयोगी बळ सु. दहा मिनिटेच राहते; म्हणून पाण्यातूनच हाताला लागेल अशी शिडी हिवाळाभर नौकेला लावलेली असावी.