वेब सर्व्हर ट्यूनिंग

वेब सर्व्हर म्हणजे संकेतस्थळाची पाने लोकांना पुरवणारे यंत्र आणि त्यावरचे सॉफ्टवेअर. स्वतःच्या देखरेखीखाली चालणाऱ्या अशा सर्व्हरची सेटिंग्ज त्याची मेमरी, प्रोसेसर आणि येणारी गर्दी यांच्या मापाने बसवणे, याला वेब सर्व्हर ट्यूनिंग म्हणतात. कोकण किनारपट्टीवर हे काम बहुधा छोट्या व्यवसायांच्या वाट्याला येते : आंब्याच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी घेणारा देवगडचा बागायतदार, तारकर्लीत पर्यटकांना खोल्या देणारे एखादे घर. त्यांच्याकडची गर्दी वर्षभर सारखी नसते. मार्च ते मे हापूस, मग गणपतीला येणारे चाकरमानी, पुढे दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या. मधल्या काळात सर्व्हर जवळजवळ रिकामा. वर्षाची सरासरी काढून केलेली सेटिंग्ज म्हणून इथे फसतात.

यंत्र घरात ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. खारी हवा कनेक्टर गंजवते आणि विजेचा भरवसा नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा स्वतंत्र वाटा) घेताना तो मुंबईतल्या डेटा सेंटरमधला घ्यावा, कारण आंब्याचे गिऱ्हाईक मुख्यतः मुंबई-पुण्याचे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे राज्यातल्या राज्यात विनंती जाऊन उत्तर येण्याची एक फेरी काही मिलिसेकंदांत होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतची फेरी २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाते, आणि पानाचा पहिला बाइट मिळायला टीएलएस १.३ (जोडणी सुरक्षित करणारी नवी, वेगवान पद्धत) असतानाही अशा तीन फेऱ्या लागतात. हा वेळ कुठल्याही सेटिंगने परत मिळत नाही.

खरे काम मेमरीच्या हिशेबाचे आहे. अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रीफोर्क पद्धतीत प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रोसेस (प्रोग्रामची चालू प्रत) लागते आणि अशा प्रोसेसची मूळ कमाल मर्यादा २५६ असते. पाने तयार करणाऱ्या पीएचपी या भाषेसह एक प्रोसेस ६० एमबी खात असेल, तर पूर्ण गर्दीत १५ जीबी लागतील. यंत्रात असते २ जीबी. रॅम संपली की लिनक्स डिस्कवरच्या स्वॅपकडे वळते, प्रत्येक पान रेंगाळते, लोक पुन्हा पुन्हा रीफ्रेश करतात आणि सर्व्हर आणखी खचतो. हिशेब उलट्या बाजूने करावा : डेटाबेस आणि यंत्रणेला ७०० एमबी बाजूला काढले, उरलेल्या १,३०० ला ६० ने भागले, म्हणजे सुमारे २१. मर्यादा २० ठेवावी. पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमलाही हेच गणित लागू. आकडा लहान वाटतो, पण झेला (आंबा उतरवायची जाळीची काठी) एकच असताना दहा गडी झाडाखाली उभे करून आंबा लवकर उतरत नाही. जास्तीच्या रिक्वेस्ट रांगेत क्षणभर थांबतात आणि झटपट निघतात.

कोकणात रेंज हा वेगळा विषय आहे. घाटात किंवा खाडीकाठी फोनचे नेटवर्क अडखळते, पान हळूहळू उतरते आणि तेवढा वेळ प्रीफोर्कची एक अख्खी प्रोसेस अडकून पडते. एकाच यंत्रावर हजारो जोडण्या कशा पेलायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ‘सी१०के’ या नावाने मांडला होता. त्यावर उत्तर ठरलेला इगोर सिसोएव यांचा एंजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ मध्ये खुला झाला. त्यातली मोजकी वर्कर प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळतात. तो पीएचपीच्या पुढे ठेवला की पीएचपीचे उत्तर स्वतःकडे साठवून संथ फोनला सावकाश देतो आणि मागची प्रोसेस लगेच मोकळी होते. अपाचेच टिकवायचा असेल, तर २.४ आवृत्तीतली इव्हेंट पद्धत घ्यावी, तिच्यात संथ जोडणीसाठी अख्खी प्रोसेस अडकत नाही.

यानंतर कॅशे, म्हणजे तयार उत्तर थोडा वेळ साठवून पुन्हा देणे. खोल्यांची उपलब्धता पाच-दहा सेकंद साठवून ठेवली तरी डेटाबेसवरचा ताण झपाट्याने उतरतो. मात्र लॉगिन, कार्ट आणि बिलाची पाने कधीही साठवू नयेत. एकाचे बिल दुसऱ्याला दिसणे संथ पानापेक्षा वाईट. जीझिप (फाइल दाबून लहान करणारी पद्धत) एचटीएमएल, सीएसएस या मजकुराच्या फाइलना लावावा, आधीच दाबलेल्या जेपेग फोटोंना लावून प्रोसेसर फुकट खर्ची पडतो. बागेचे फोनवर काढलेले ५ एमबीचे फोटो तसेच चढवणाऱ्याने बाकीच्या खटपटी आधी बाजूला ठेवून ते वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात लहान करावेत.

चाचणीला जून-जुलै सोयीचे. मासेमारीबंदीत होड्या शाकारून डागडुजी होते, तसे सर्व्हरलाही तेव्हा उघडता येते. अपाचे बेंच किंवा डब्ल्यूआरके हे खोटी गर्दी पाठवून वेग मोजणारे प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरून चालवावेत आणि सरासरीपेक्षा सर्वांत हळू ५ टक्के रिक्वेस्टना लागलेला वेळ पाहावा. एका वेळी एकच आकडा बदलावा. हंगामात बदल टाळावा. करावाच लागला तर जुन्या फाइलची प्रत ठेवून, सेटिंगच्या फाइलची वाक्यरचना तपासून रीस्टार्टऐवजी ग्रेसफुल रीलोड करावे. त्यात जुने वर्कर हातातली रिक्वेस्ट पूर्ण करूनच बाजूला होतात.