पावसाळ्यात कॅमेरा सांभाळताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांत पाण्यात पडलेले थोडेच असतात. बहुतेक कॅमेरे जेमतेम भिजलेले असतात आणि बिघडतात ते घरी आल्यावर. ओल्या बॅगेत रात्रभर राहतात, नाहीतर ‘चालतोय का बघू’ म्हणून लगेच चालू केले जातात. म्हणून या पत्रकात पावसाइतकीच जागा परतल्यानंतरच्या कामांना दिली आहे.

‘वेदर सील्ड’चा भरवसा किती?
वेदर सील्ड कॅमेऱ्याच्या सांध्यांना रबरी पट्ट्या असतात. भुरभुर, चार शिंतोडे त्या थोपवतात. घाटातली झड हा त्यांचा प्रांत नाही, आणि पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. लेन्स काढून तिच्या धातूच्या माउंटभोवती, म्हणजे बॉडीला अडकणाऱ्या कड्याभोवती, बारीक रबरी कडा आहे का बघा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सना ती बहुधा नसते, मग बॉडी कितीही सील्ड असली तरी पाणी तिथूनच शिरते. काही लेन्सचे सीलिंग तर पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते. झूम करताना जिची नळी बाहेर येते ती लेन्स नळी आत घेताना तिच्यावरचे थेंबही आत नेते. आधी नळी पुसा, मग झूम मागे घ्या.

पिशवीचे कव्हर
तयार रेन कव्हर चांगलेच, पण जाड पारदर्शक प्लास्टिकची साधारण १२ बाय १८ इंचांची पिशवीही काम भागवते. लेन्सला हूड, म्हणजे पुढे बसणारी नळकांडी, लावा. पिशवीच्या तळाला हूडच्या तोंडापेक्षा किंचित लहान भोक पाडा, ते ताणून हूडच्या कडेवर चढवा आणि वरून रबर बँड घाला. व्ह्यूफाइंडरचा, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीचा, रबरी आयकप निघत असेल तर तो काढा, तिथे छोटे भोक पाडा आणि आयकप बाहेरून परत बसवा. प्लास्टिक मध्ये घट्ट पकडले जाते आणि डोळ्यासमोर धुरकट पडदा राहत नाही.

पट्टा पिशवीच्या आत घ्या. बाहेर राहिलेल्या पट्ट्यावरून खांद्यावरचे पाणी ओघळत थेट कॅमेऱ्यावर येते आणि कव्हर घालूनही कॅमेरा भिजला कसा, हे कळत नाही. पिशवीचे तोंड खाली, मोकळे ठेवा. ते आवळून बांधले तर हाताच्या उबेने आत वाफ धरते. वाइड लेन्सवर एक चाचणी फोटो काढा, कोपऱ्यात प्लास्टिक येते.

ताम्हिणीत किंवा वरंधा घाटात छत्रीच्या भरवशावर राहू नका, वारा ती उलटी करतो. वाऱ्याकडे पाठ करून, गाडीच्या उघड्या डिकीखाली उभे राहणे बरे. लेन्स, कार्ड, बॅटरी बदलायची तीही तिथेच. बाहेरून लावलेला फ्लॅश उघड्या पावसात वापरू नका, त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला की काच धुरकटते, कारण गार काचेवर बाहेरची दमट हवा दव धरते. पोहोचण्याआधी १५–२० मिनिटे एसी बंद करून काचा खाली करा, किंवा बॅग डिकीतच ठेवा. दव असताना लेन्स मुळीच बदलू नका, ते सेन्सरवर जाते.

विसर्जन मिरवणुकीत पावसाच्या जोडीला गुलाल असतो. कॅमेऱ्यावर तो पडला तर आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, उडवा. ओल्या कापडाने पुसलात तर त्याचा चिखल होऊन बटणांच्या फटींत बसतो आणि मग बॉडी खोलावी लागते.

घरी आल्यावर
कॅमेरा बंद करा. सुती पंचाने पाणी टिपा, घासू नका, घासल्याने ते फटींत जाते. बाहेरून पूर्ण कोरडा झाल्यावरच बॅटरी, कार्ड आणि शेवटी लेन्स काढा. झूम पूर्ण बाहेर काढून, झाकणे उघडी ठेवून रात्रभर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको : गरम हवेने डिंक सैल होतो आणि वाफ आत जाते. तांदळात पुरण्याचा उपाय तर सोडूनच द्या, त्याची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये शिरते. बॅगेतले कप्पे काढून वेगळे वाळवा. फोम वरून कोरडा लागला तरी आतून दोन-दोन दिवस ओला राहतो.

डबा
जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या घरांतली आर्द्रता सहज ७० टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला तेवढे पुरते. घट्ट झाकणाचा १० लिटरचा डबा, त्यात कापडी पुरचुंडीत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. फार काळ ३० च्या खाली गेल्यास रबर आणि वंगण सुकते, तेव्हा जेल कमी करा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले. ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर सुमारे दोन तास तापवले की पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, त्यामुळे स्वयंपाकाची भांडी आणि स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नका. ओला कॅमेरा डब्यात ठेवला तर जेल लगेच भरते. चामड्याचे कव्हर डब्याबाहेरच ठेवा.

महिन्यातून एकदा लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लगेच आणा. सुरुवातीला ते पुसून निघतात, उशीर झाला की बुरशीचे आम्ल काचेवरचा थर खाते आणि डाग कायमचा राहतो.

पाणी आत गेलेच तर
चालू करून बघू नका. ओल्या सर्किटमधून वीज गेली की तांब्याच्या रेषा गंजतात. बॅटरी आणि कार्ड काढून, लेन्स खाली तोंड करून ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी आणा. दिवेआगर, हरिहरेश्वरकडचे खारे पाणी असेल तर एक दिवसही थांबू नका. येताना पाणी पावसाचे, समुद्राचे की चहाचे, आणि नंतर कॅमेरा चालू केला होता का, हे खरे सांगा. सफाईची पद्धत आणि खर्च त्यावरच ठरतो.