महासत्ता आणि उगवती सत्ता

जगात आधीपासून वरचढ असलेला देश मागून झपाट्याने मोठ्या होणाऱ्या देशाशी कसं वागतो, हा आंतरराष्ट्रीय राजकारणातला फार जुना प्रश्न आहे. इ.स.पू. 431 ला ग्रीसमधे अथेन्स आणि स्पार्टा या नगरराज्यांत पेलोपोनेशियन युद्ध सुरू झालं, त्याबद्दल तेव्हाचा इतिहासकार थ्युसिडिडीजने लिहून ठेवलंय की अथेन्सची ताकद वाढली, स्पार्टाला त्याची भीती वाटली आणि युद्ध टळणं अशक्य झालं. अमेरिकन अभ्यासक ग्रॅहम ॲलिसन यांनी यालाच थ्युसिडिडीजचा सापळा म्हटलं, त्यांनी 500 वर्षांतली अशी 16 उदाहरणं काढली आणि त्यातल्या 12 मधे युद्ध झालेलं दिसलं. पण नीट बघायला हवीत ती उरलेली 4.

त्यातलं एक ब्रिटन आणि अमेरिकेचं. 1895 ला व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयानाच्या सीमेच्या भांडणात अमेरिका मधे पडली, ब्रिटनने आधी उडवून लावलं आणि मग लवाद मान्य केला. 1899 च्या निकालात बहुतेक जमीन ब्रिटनलाच मिळाली, पण त्या भागात अमेरिकेला विचारल्याशिवाय चालत नाही हे ठरून गेलं. पुढे 1901 च्या करारात मध्य अमेरिकेतला कालवा अमेरिकेने एकटीने बांधावा आणि चालवावा हेही ब्रिटनने मान्य केलं. यामागे सरळ हिशोब होता, जर्मनी 1898 पासून कायदे करून आरमार वाढवत होता आणि तो धोका दाराशी होता. जर्मनीशी मात्र जमलं नाही. 1912 ला ब्रिटनचे युद्धमंत्री हॅल्डेन बोलणी करायला बर्लिनला गेले, पण आरमार आवरायच्या बदल्यात जर्मनीला ब्रिटनच्या तटस्थतेचं वचन हवं होतं, ते दिलं असतं तर फ्रान्स एकटा पडला असता.

म्हणजे काय सोडायचं आणि काय नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि अडचणीच्या दिवशी शब्द जपून वापरावे लागतात. 1 एप्रिल 2001 ला हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान एकमेकांना धडकलं, चिनी पायलट गेला, अमेरिकन विमान परवानगी न मिळताच चीनच्या लष्करी तळावर उतरलं आणि आतले 24 जण 11 दिवस तिथेच अडकले. चीनला माफी हवी होती, अमेरिका माफी मागायला तयार नव्हती, शेवटी अमेरिकन राजदूताच्या पत्रात पायलटच्या मृत्यूबद्दल आणि विनापरवाना उतरल्याबद्दल 'अतिशय वाईट वाटतं' असं लिहिलं गेलं. चीनने ती माफी आहे असं लोकांना सांगितलं, अमेरिकेने नाही असं सांगितलं, आणि माणसं घरी आली. विमान जुलैत सुटे भाग करून मालवाहू विमानातून परत गेलं. त्याच वर्षी 11 डिसेंबरला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, अमेरिकेने ते अडवलं नाही, व्यापारात गुंतला की चीन आपल्या नियमांत बसेल असा तेव्हाचा अंदाज होता.

तो अंदाज चुकला असं अमेरिकेत बऱ्याच जणांना वाटू लागलं. 2018 ला चिनी मालावर टॅरिफ, म्हणजे आयात कर, लागले, ऑक्टोबर 2022 ला प्रगत चिप चीनला विकण्यावर बंधनं आली. त्याआधी ऑगस्टमधे अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती पेलोसी तैवानला गेल्यावर चीनने लष्करी बोलणी बंद केली होती, आणि फेब्रुवारी 2023 ला अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला चिनी बलून पाडला तेव्हा अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी मागितलेला फोनसुद्धा चीनने नाकारला. ती बोलणी परत सुरू करायचं ठरलं ते नोव्हेंबर 2023 ला, बायडन आणि शी कॅलिफोर्नियात भेटले तेव्हा.