गाईचे दूध आणि मधुमेह

गाईचे दूध आणि मधुमेह : गाईच्या दुधाच्या सेवनाने मधुमेहाचा धोका वाढतो की घटतो, यासंबंधीची मते. मधुमेहाच्या प्रकार १ (बहुधा लहानपणी होणारा) व प्रकार २ (बहुधा प्रौढपणी होणारा) यांची कारणे वेगळी असल्याने दोहोंबाबतचा प्रश्नही वेगळा आहे. वाद मुख्यतः पहिल्याविषयी आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय ६) बैठे सुख, निद्रासुख, दही, दूध, नवे धान्य व गुळाचे पदार्थ ही प्रमेहाची (आयुर्वेदातील मूत्रविकारांचा गट) कारणे दिली आहेत. मूळ शब्द ‘पयांसि’ असा बहुवचनी असल्याने तो केवळ गोदुग्धाला लावता येत नाही. संहितेचा काळ अनिश्चित आहे. उपलब्ध पाठात दृढबल या नंतरच्या संपादकाने पुष्कळ भर घातली; तथापि चिकित्सास्थानाचे पहिले आठ अध्याय जुन्या भागातील मानले जातात. प्रमेहाच्या वीस प्रकारांपैकी मधुमेह हा एकच, म्हणून या श्लोकात आजच्या रोगाचे निदान शोधण्यापेक्षा तो आळस व जड आहार यांविषयीचा इशारा समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रकार १ मध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. १९९२ मध्ये फिनलंडमधील नव्याने निदान झालेल्या मुलांच्या रक्तात गाईच्या सीरम अल्ब्युमिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे (प्रतिकार यंत्रणेने तयार केलेली प्रथिने) मोठ्या प्रमाणावर आढळली. या प्रथिनाचा सतरा ॲमिनो अम्लांचा एक तुकडा बीटा पेशींतील एका प्रथिनासारखा दिसतो, म्हणून प्रतिकार यंत्रणा फसत असावी, असा तर्क मांडला गेला. इतर प्रयोगशाळांत हे निष्कर्ष सारखे आले नाहीत.

त्यानंतर लक्ष बीटा-केसीन या दुधातील प्रथिनाकडे वळले. २०९ ॲमिनो अम्लांच्या या साखळीत ६७ व्या जागी प्रोलीन असल्यास तो ‘ए२’ प्रकार आणि हिस्टिडीन असल्यास ‘ए१’. ए२ हे मूळ रूप. ए१ युरोपीय गोवंशात काही हजार वर्षांपूर्वी उत्परिवर्तनाने आले असावे. हिस्टिडीनपाशी साखळी पचनात सहज तुटते व बीटा-केसोमॉर्फिन-७ हा सात ॲमिनो अम्लांचा तुकडा सुटतो. प्रोलीन असल्यास तो फारसा सुटत नाही. इथपर्यंतचे रसायनशास्त्र पक्के आहे. हा तुकडा प्रकार १ ला कारण ठरतो, ही पुढची पायरी मात्र डळमळीत आहे. न्यूझीलंडचे बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट एलियट व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दहा देशांतील ए१ सेवन आणि मुलांतील प्रकार १ चे प्रमाण यांत सहसंबंध दाखवला. आइसलँडचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते : तेथे दूध भरपूर पितात, पण रोग शेजारच्या नॉर्डिक देशांपेक्षा कमी, आणि तेथील जुन्या गोवंशात ए१ कमी. परंतु देशवार सरासऱ्यांवरून एका मुलाच्या आजाराचे कारण ठरत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांत उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या चाचणीत तर दुधाविना गव्हावर आधारलेला आहारच अधिक मधुमेहकारक ठरला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ च्या आढाव्यात कार्यकारण संबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले. हेच मत सध्या ग्राह्य धरावे.

सर्वांत वजनदार पुरावा ‘ट्रायगर’ चाचणीचा. आई, वडील किंवा भावंडाला प्रकार १ असलेल्या व आनुवंशिक धोका असलेल्या १५ देशांतील २,१५९ अर्भकांना अंगावरचे दूध कमी पडू लागल्यावर दोन प्रकारचे डब्याचे दूध दिले गेले : एकात केसीन आधीच बारीक तोडलेले, दुसऱ्यात गाईची प्रथिने बहुतांशी अखंड. सुमारे साडेअकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर (२०१८) पहिल्या गटात ८.४ टक्के व दुसऱ्यात ७.६ टक्के मुलांना रोग झाला. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या नगण्य होता. याच संशोधकांच्या आधीच्या छोट्या फिनिश चाचणीत बारीक तोडलेल्या केसीनच्या गटात बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे कमी दिसली होती. मोठ्या चाचणीत ती आशा टिकली नाही.

प्रकार २ बाबत चित्र सौम्य आहे. निरीक्षणात्मक अभ्यासांत दह्याचा संबंध कमी धोक्याशी बऱ्यापैकी सातत्याने दिसतो. दुधाचा तितकासा नाही. २०० मिलि. दुधात साधारण ९–१० ग्रॅम लॅक्टोज असते. त्याने रक्तशर्करा फार चढत नाही, इन्सुलिन मात्र त्या मानाने जास्त स्रवते. चहातली साखर अर्थातच वेगळी मोजावी.

भारतीय देशी गाईंत ए२ बहुतांश व म्हशींत जवळपास सर्वत्र आढळते. त्यामुळे ज्या घरी रतिबाचे म्हशीचे दूध येते, तेथे ए१-ए२ चा वाद मुळातच गैरलागू ठरतो. खिल्लार, डांगी, देवणी या महाराष्ट्रातील जाती देशी गोवंशातल्याच. जर्सी व होल्स्टीन संकरात ए१ येऊ शकते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनांवरील ए१-ए२ चे दावे काढण्यास सांगितले व पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ‘ए२ तूप’ ही संज्ञा तर विशेष गमतीची आहे : फरक प्रथिनातला, आणि तूप कढवताना प्रथिने बेरीबरोबर तळाशी राहतात.