ऑनलाइन पत्त्यांच्या खेळातले तयार मेसेज : खिलाडूवृत्ती आणि डिवचणं

ऑनलाइन पत्त्यांच्या बऱ्याच खेळांत समोरच्याशी बोलायला कीबोर्ड मिळतच नाही. गेम बनवणाऱ्यांनी पाच-सहा वाक्यं आधीच लिहून ठेवलेली असतात, 'हॅलो', 'थँक्स', 'छान खेळलास', 'अरेच्चा' असली, आणि त्यातलं एक दाबलं की ते समोरच्याच्या स्क्रीनवर उमटतं. याला इमोट म्हणतात, काही ठिकाणी क्विक चॅट. यादी वाचली तर एकही वाकडा शब्द सापडणार नाही, आणि तरीही याच सोज्वळ यादीवरून लोक इतके पेटतात की फोन आपटायची वेळ येते. मुद्दाम डिवचायला इमोट वापरण्याला खेळाडू 'बीएम' म्हणतात, म्हणजे बॅड मॅनर्स. 'बघ कसा बीएम करतोय' असं सर्रास बोललं जातं. हा शब्द मुळात पत्त्यांतला नाही, स्टारक्राफ्टसारख्या लढाईच्या गेममधून इकडे आलाय.

मेसेज तयारच का दिले

शिव्या नकोत म्हणून, हे पहिलं उत्तर आणि ते बरोबरही आहे, पण तेवढंच नाही. दुसरं कारण लहान मुलं. अमेरिकेत १९९८ साली १३ वर्षांखालच्या मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी कायदा झाला, तो २००० पासून लागू आहे, आणि पोराला मोकळं टाइप करायला दिलं की ते नाव, शाळा, फोन नंबर सगळं सांगून मोकळं होणार हे उघड आहे. डिस्नेच्या टूनटाउनमध्ये (२००३, हा काही पत्त्यांचा गेम नाही) स्पीडचॅट म्हणून ठरलेल्या वाक्यांचा मेन्यू दिला होता तो याच काळजीपोटी.

तिसरं कारण भाषा, आणि ते मला सगळ्यात भारी वाटतं. विंडोज एमई आणि एक्सपीसोबत इंटरनेट हार्ट्स, इंटरनेट स्पेड्स असे खेळ यायचे, जुन्या लोकांना आठवत असतील. क्लिक केलं की जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातली अनोळखी माणसं टेबलावर येऊन बसायची, नाव नाही गाव नाही, आणि बोलायचं फक्त ठरलेल्या वाक्यांत. गंमत म्हणजे तुम्ही तुमच्या भाषेत वाक्य निवडायचं आणि समोरच्याला ते त्याच्या विंडोजच्या भाषेत दिसायचं. म्हणजे भाषांतराचा प्रश्नच निकालात, कारण सगळी वाक्यं आधीच भाषांतर करून ठेवलेली. एक्सपी आणि एमईवरची ही सोय मायक्रोसॉफ्टने ३१ जुलै २०१९ ला बंद केली आणि विंडोज ७ वरची २२ जानेवारी २०२० ला.

आता हार्ट्समध्ये काय असतं, बदामाच्या प्रत्येक पत्त्याला १ गुण आणि इस्पिकच्या राणीला एकटीला १३, आणि गुण जितके कमी तितकं चांगलं. तुम्ही नाइलाजाने एक हात उचलता, त्यात कोणीतरी राणी टाकून देतो, आणि लगेच त्याच्याकडून 'थँक यू' येतं. शब्द बघितला तर आभार. पण राणी गळ्यात पडलेल्या माणसाला तो कसा वाचावा लागतो ते वेगळं सांगायला नको. आणि हेच 'थँक यू' राणी पडायच्या आधीच्या हाताला आलं असतं तर कुणाला काही वाटलंही नसतं.

हार्थस्टोन आणि 'सॉरी'

तयार मेसेजच्या टोमण्यांचा विषय निघाला की ब्लिझार्डच्या हार्थस्टोनचं (२०१४) नाव आल्याशिवाय राहत नाही. यात अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी टाइप करून बोलताच येत नाही, सहा इमोट आहेत तेवढेच : नमस्कार, वेल प्लेड, थँक्स, अरेच्चा, धमकी आणि सुरुवातीला सॉरी. प्रत्येक हीरो, म्हणजे खेळाडूने घेतलेलं पात्र, ही वाक्यं आपापल्या आवाजात आणि आपापल्या तोऱ्यात म्हणतो, त्यामुळे शब्द एकच असला तरी कुणाच्या तोंडून येतोय यावरही चिडचिड ठरते.

नेहमीचा प्रसंग असा. तुमचं लाइफ उरलंय ४, समोरच्याच्या टेबलावर ७ ची मार उभी आहे. म्हणजे डाव संपलाय, दोघांनाही माहितीय. पण तो मारत नाही. आधी हातातले उरलेले पत्ते एकेक करून टेबलावर ठेवतो, ज्यांची आता काही गरज नाही असे. मग एका पत्त्यावर हल्ल्याचा बाण ओढतो, परत मागे घेतो. मग 'वेल प्लेड'. मग पाळीची वेळ संपत आली की स्क्रीनवर दिसते ती दोरी जळायला लागते आणि ती जवळजवळ पूर्ण जळेपर्यंत तो थांबतो, आणि मग मारतो. सगळ्या प्रकारात तो बोललाय फक्त दोन शब्द आणि तेही कौतुकाचे. दोरी मुद्दाम जळू देण्याला रोपिंग म्हणतात आणि ते इमोटच्याही वरचढ आहे असं बऱ्याच जणांचं मत, कारण इमोट बंद करता येतो, दोरी बंद करता येत नाही, तिथे बसून बघावीच लागते (किंवा सरेंडर करून निघून जायचं, जे त्याला हवंच असतं).

'सॉरी'चं तर पारच वाटोळं झालं. मूळ हेतू असा असणार की नशिबाने मला भलताच चांगला पत्ता आला, तुझं नुकसान झालं, सॉरी यार. पण लोकांनी ते वापरलं जखमेवर मीठ चोळायला, मोठा फटका मारायचा आणि वर सॉरी म्हणायचं. शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये ब्लिझार्डने 'सॉरी' काढून टाकलं आणि त्याच्या जागी 'वॉव' आणलं. आता 'वॉव' हा शब्द म्हणजे काय, कौतुकच ना. महिना जायच्या आत लोक समोरच्याच्या गाढवपणावर 'वॉव' करायला लागले, आणि अँडुइन या हीरोचं ते लांबवलेलं 'वॉव' तर खेळाडूंमध्ये विनोदाचा विषयच होऊन बसलं. शब्द बदलून टोमणा थांबेल ही समजूत इथेच फेल गेली, कारण टोमणा शब्दात नव्हताच, तो कधी दाबला यात होता.

म्हणून खरा उपाय ठरला तो स्क्वेल्च. समोरच्या हीरोच्या चित्रावर क्लिक करून त्याचे इमोट त्या डावापुरते गप्प करायचे. खूप जण डाव सुरू झाल्या झाल्या, समोरच्याने नमस्कार करायच्याही आधी, हे करून टाकतात. एकामागोमाग इमोट दाबत सुटलात तर गेम थोडा वेळ दाबू देत नाही, तीही सोय आहे.

वेळेचं व्याकरण

कुठलं इमोट सभ्य आणि कुठलं नाही याचे नियम कुणी लिहून दिलेले नाहीत, पण नियमित खेळणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले आहेत. सुरुवातीचा नमस्कार चालतो, एकदाच. स्वतःची चूक झाली की 'अरेच्चा' चालतं, तेच समोरच्याच्या चुकीवर दाबलं की खिजवणं. 'वेल प्लेड' हरणाऱ्याने म्हटलं तर दिलदारपणा, जिंकणाऱ्याने शेवटच्या फटक्यानंतर म्हटलं तर शिष्टाचार, आणि शेवटच्या फटक्याआधी म्हटलं तर, वर लिहिलंच आहे. गुड गेमचंही तेच, स्टारक्राफ्टच्या काळापासून रीत अशी की 'जीजी' आधी हरणारा म्हणतो आणि बाहेर पडतो, जिंकणाऱ्याने आधीच म्हणणं म्हणजे 'तू संपलास, निघ आता'. एकच वाक्य लागोपाठ तीनदा आलं तर ते कुठलंही असो, त्याचा अर्थ एकच.

मॅजिक द गॅदरिंगच्या अरेना या डिजिटल रूपात (ओपन बीटा सप्टेंबर २०१८) 'युअर गो' म्हणजे 'तुझी पाळी' असं एक इमोट आहे. मला विचाराल तर हे सगळ्यात दुर्दैवी डिझाइन, कारण ज्याला विचार करायला वेळ लागतोय त्याच्या डोक्यावर कोणीतरी टकटक करतंय असं वाटतं, आणि मॅजिक हा विचार करायचाच खेळ आहे. त्याच यादीत 'विचार करतोय' असंही एक आहे, जे खरंच उपयोगी आहे आणि त्याच्यावर सहसा कुणी चिडत नाही. इथेही म्यूटचं बटण आहे.

मार्व्हल स्नॅपमध्ये (ऑक्टोबर २०२२) प्रकरण आणखी मजेशीर होतं. डाव साधारण सहा चालींचा, पैज १ क्यूबपासून सुरू होते आणि दोघं वाढवत गेले तर ८ पर्यंत जाते, आणि मध्येच पळ काढायचीही मुभा आहे. म्हणजे समोरच्याला घाबरवून पळवलं तरी फायदा आणि चिडवून थांबवलं तर जास्तच फायदा. अशा ठिकाणी खिदळणारा चेहरा पाठवणं हे नुसतं डिवचणं राहत नाही, ती थाप असू शकते. हातात काही नाही आणि हसतोय, किंवा सगळं आहे म्हणून हसतोय. पोकरवाले म्हणतील यात नवीन काय, आणि बरोबरच आहे त्यांचं, ऑनलाइन पोकरमध्ये खराब खेळूनही जिंकलेल्याला 'नाइस हँड' लिहायची पद्धत फार जुनी आहे आणि ते कौतुक नसतं हे टेबलावरच्या सगळ्यांना कळतं. पोकरमध्ये जिंकणारे पत्ते हातात असून उघडायला मुद्दाम वेळ लावण्याला स्लो रोल म्हणतात आणि ते अतिशय हलकं मानलं जातं. हार्थस्टोनमधली जळती दोरी त्याचीच चुलत बहीण.

भिडू असला की

वरच्या सगळ्या खेळांत प्रत्येक जण आपापल्यापुरता खेळतो. चौघांच्या, दोन-दोन भिडूंच्या खेळात टोमणा समोरच्याला कमी आणि स्वतःच्या भिडूलाच जास्त बसतो. स्पेड्समध्ये भिडूने निल लावलं, म्हणजे एकही हात घेणार नाही असं सांगितलं, जमलं तर १०० गुण आणि फसलं तर १०० वजा, तर त्याला सांभाळणं तुमचं काम. तुम्ही चुकून छोटा पत्ता टाकता, हात त्याच्या गळ्यात पडतो, आणि तो काही न बोलता 'गुड जॉब' दाबतो. पुढचे सगळे हात तुम्ही दबकतच खेळता.

दुसरी भानगड म्हणजे खाणाखुणा. भिडूंच्या खेळात बोलून किंवा हावभावाने पत्ता सुचवणं ही चोरी आहे, आणि तयार मेसेज तिला आयते सापडतात, 'विचार करतोय' म्हणजे माझ्याकडे एक्का आहे असं दोघांनी आधी ठरवलं की झालं. ब्रिजमध्ये यावर नियमच आहेत, डुप्लिकेट ब्रिजच्या कायद्यांतलं १६ वं कलम भिडूकडून अशा वाटेने मिळालेल्या माहितीबद्दल आहे आणि ७४ वं कलम वागणुकीबद्दल, त्यात दुसऱ्या खेळाडूला त्रास होईल किंवा ओशाळं वाटेल असं काही बोलू-करू नये असं म्हटलंय. ऑनलाइन ब्रिजवाल्यांनी मात्र टाइप करायची मोकळीक असूनही आपणहून तयार मेसेज बनवले, 'जीएलपी' म्हणजे गुड लक पार्टनर, 'टीवायपी' म्हणजे थँक यू पार्टनर, 'डब्ल्यूडीपी' म्हणजे वेल डन पार्टनर. डमीचे, म्हणजे ज्या भिडूचा हात टेबलावर उघडा मांडतात त्याचे, पत्ते खाली आले की थँक यू पार्टनर म्हणायचंच, पत्ते कितीही भिकार असोत, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. यातून कुणालाच काही कळू नये हाच शिष्टाचार आहे.

कंपन्यांचं काय म्हणणं

सुपरसेलच्या क्लॅश रोयालमध्ये (मार्च २०१६, पत्त्यांचा डेक असतो पण लढाई मैदानावर) मुकुटवाला राजा हसतो, रडतो, रागावतो, अंगठा दाखवतो. त्या हसण्यावरून एवढी बोंब झाली तरी कंपनीने सुरुवातीला म्यूट द्यायला नकार दिला, खेळात तीव्र भावना हव्यातच असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी पुढे म्यूट आलं. आणि नंतर नवे इमोट विकायलाही लागले. हे जरा खटकतं, कारण दुसऱ्याला चिडवण्याचं साधन ज्या दुकानात मिळतं तेच दुकान चिडल्याची तक्रारही ऐकून घेतं.

सीडी प्रोजेक्टच्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाने वेगळी वाट धरली. डाव संपल्यावर समोरच्याला 'जीजी' पाठवायचं बटण, आणि ते मिळालं की त्याला खेळातलं थोडंसं बक्षीस मिळतं. डाव संपलेला असतो, त्यामुळे आता डिवचून काही हाती लागत नाही, आणि टोमणा म्हणून पाठवलंत तरी समोरच्याच्या खिशात चार दाणे पडतातच. मला हे फार हुशारीचं वाटतं, फक्त एवढंच की बक्षिसामुळे लोक ते न बघता दाबतात आणि मग त्यात मनापासूनचं काय नि सवयीचं काय ते ओळखता येत नाही.

ही गोष्ट पत्त्यांपुरती नाहीच म्हणा. रॉकेट लीग या गाड्यांच्या फुटबॉलमध्ये 'व्हॉट अ सेव्ह' हे वाक्य गोल अडवणाऱ्याच्या कौतुकासाठी आहे आणि पाठवलं जातं गोल सुटल्यावर, तेही धडाधड, इतकं की गेम पाठवणाऱ्याचं चॅट चार सेकंद बंद करतो.

म्यूटची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. हार्थस्टोनमध्ये स्क्वेल्च केल्याचं समोरच्याला कळत नाही. त्यामुळे शेवटी हरल्यावर कुणी अगदी मनापासून 'वेल प्लेड' म्हणतो, हीरो ते वाक्य त्याच्या स्क्रीनवर नीट बोलतो, आणि दुसऱ्या बाजूला पहिल्याच चालीला आवाज बंद करून बसलेल्या माणसाला फक्त हीरोचं चित्र फुटताना दिसतं.