सागरकिनाऱ्यावरील प्लास्टिक प्रदूषण आणि बडोदे

समुद्रकाठी आणि उथळ पाण्यात प्लास्टिक साचून होणारे प्रदूषण. जगातल्या किनाऱ्यांवरचे बरेचसे प्लास्टिक जमिनीवरून, नाल्या-नद्यांतून येते. म्हणून समुद्र नसलेले बडोदेही या नोंदीत येते. २०१० या एकाच वर्षात १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यातली तफावतच बोलकी आहे.

विश्वामित्री नदी पावागडाच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून नागमोडी वाहते, ढाढर नदीला मिळते आणि हे पाणी खंभातच्या आखातात जाते. उन्हाळ्यात नदी जेमतेम हलते, त्यामुळे कचरा पात्रातच साठून राहतो आणि पावसाळ्यात एकदम निघतो. पूर ओसरल्यावर काळाघोड्याच्या पुलाजवळ काठच्या झाडांना दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, झबला-पिशव्या लोंबकळत असतात. पाणी कुठवर चढले होते ते त्यांवरूनच कळते. खाली मगरी ऊन खात पडलेल्या.

आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरच्या वर जातो. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिकचे प्रकार पाण्याहून हलके. ते भरतीबरोबर आत-बाहेर फिरते आणि तिवरांच्या चिखलाबाहेर डोकावणाऱ्या श्वासमुळांत अडकते. पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ (PET) प्लास्टिक जड, म्हणून तिचे तुकडे गाळात जातात. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन फुटते. ५ मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. किनारा झाडून काढला तरी ते हाती लागत नाही.

बडोद्याचा दुसरा संबंध कारखानदारीचा. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या येथील संकुलात प्लास्टिकचा कच्चा माल तयार होऊ लागला. हा माल दाण्यांच्या रूपात विकला जातो. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाज पेटले, तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अशाच दाण्यांचे थर लागले होते.

भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे. त्या यादीत सजावटीचे थर्माकोलही आले, म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतले गणपतीचे मखर. मखर कागदा-कापडाचे करता येते. प्लास्टिकच्या पिशवीचे तसे नाही. ३१ डिसेंबर २०२२ पासून ती किमान १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची हवी, पण भाजीवाल्याकडे मायक्रॉन मोजणार कोण?

प्लास्टिकविषयी जागतिक करार करण्याचा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबीत झाला. ऑगस्ट २०२५ मधली वाटाघाटींची जिनिव्हाची फेरी कराराविनाच संपली. उत्पादनावर मर्यादा घालावी की फक्त कचऱ्याची व्यवस्था पाहावी, हा त्यातला मोठा वाद होता.